नवव्या महिन्याचे माहेर

गरोदर बाई भेटली की आपल्याकडे तिला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, ‘कितवा महिना?’ आणि दुसरा, ‘बाळंतपण कुठे, माहेरी की सासरी?’ दुसऱ्याचे उत्तर ‘माहेरी’ असे आले की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग पुढे काही विचारायचे उरत नाही. माहेर म्हटले की सगळे आले, असे आपण धरून चालतो.

पण या ‘सगळे आले’ मध्ये नेमके काय काय येते? मऊ भात, आईचा हात, पाठीला तेल, हे तर झालेच. माझे मत विचाराल तर यातले सर्वांत मोठे एकच. नवव्या महिन्यात माहेर म्हणजे बाईच्या हातातले काम काढून घेणारे माणूस. ते माणूस जिथे असेल तिथे माहेर. ते नसेल तर आईच्या घरी खाटेवर बसवलेली लेकसुद्धा सासुरवाशीणच. आणि हे माणूस आपल्या घरांतून हळूहळू कमी होत चालले आहे, तिकडे कुणाचे लक्ष नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो गोव्यात नव्हे, थेट बालाघाटला. बालाघाट म्हटले की आपल्याला मराठवाड्यातली बालाघाटची डोंगररांग आठवते. मी म्हणते ते हे नव्हे. हा मध्य प्रदेशातला जिल्हा, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला. वैनगंगेच्या काठचा, भाताचा मुलूख. भरवेलीची मँगनीजची खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण याच जिल्ह्यात, तेव्हा आमच्या खाणवाल्या गोव्यात कुणी ना कुणी हे नाव ऐकलेले असेलच. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेत नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आजही इथल्या कितीतरी घरांत मराठी, पोवारी आणि हिंदी अशा तीन भाषा एकाच चुलीपाशी बोलल्या जातात. आपल्या गोंयकारांना यात नवल वाटायचे कारण नाही!

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी या जिल्ह्यात वारासिवनीला दिलेली आहे. तिची पहिली खेप. रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात ओटी भरून तिला गोव्याला आणायचे ठरले होते. पण तपासणीत रक्तदाब जरा वर दिसू लागला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितले. मडगाव ते नागपूर आणि पुढे गोंदियावरून बालाघाट, म्हणजे दोन दिवसांचा पल्ला. मग उलटेच झाले. मुलगी माहेरी येण्याऐवजी आईच मुलीकडे गेली. ताईच्या सोबतीला म्हणून आठ दिवसांची अर्जित रजा टाकून मीही गेले. दिवस जुलैचे, पावसाचे.

मुलीच्या सासरी जाऊन आईने राहायचे ही गोष्ट आपल्या लोकांत तशी अवघडच. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, अशी रीत पुष्कळ घरांत होती. ताई पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळत होती. तिची विहीणबाई मोठी समजूतदार बाई. तिनेच पाट मांडला आणि म्हणाली, “तुमी आल्या तं बरं झालं जी. पोरीले या टायमाले आईच पायजे. आता हेच तिचं माहेर समजा.” झाले! एका वाक्यात रीत बाजूला झाली.

मी सरकारी कचेरीत आस्थापना विभागातली कारकून. कागद-पेन घेतल्याशिवाय मला विचार करता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा भाचीला पस्तिसावा आठवडा होता. तिच्या दिवसाचा मी एक तक्ताच केला. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येते तेव्हा उठून ते भरायचे. बादल्या न्हाणीत नेऊन ठेवायच्या. चहा, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांचे पथ्याचे. केर काढणे, फरशी पुसणे. धुण्या-भांड्यांना बाई येते, पण वाळत घालायला गच्चीवर जायचे आणि सर आली की धावत जाऊन कपडे काढायचे. मग दूधवाला, गॅसवाला, दिवाबत्ती, रात्रीच्या पोळ्या, मागची आवराआवर आणि शेवटी विरजण. मोजली तर एकोणीस कामे भरली. ‘यात जड असं एकही नाही,’ असे घरातले म्हणत होते आणि बादली सोडली तर ते खोटेही नव्हते. पण एकोणीस वेळा उठायचे, त्यातल्या निम्म्या वेळा वाकायचे, तेही पायांना सूज असताना! ‘तू आराम कर गं’ असे म्हणणारी माणसे घरात तीन होती. काम काढून घेणारे एकही नव्हते.

ताईने दुसऱ्या दिवशी कुणाला न दुखवता कामे वाटून घेतली. आठ तिने घेतली, पाच विहीणबाईंनी, चार जावयाने आणि दोन सासऱ्यांनी. सासरे निवृत्त मास्तर. त्यांच्या वाट्याला दूध आणणे आणि कपडे वाळत घालणे आले. गल्लीतल्यांना दिसू नये म्हणून पहिले दोन दिवस ते कपडे आतल्या दोरीवर घालत होते. तिसऱ्या दिवसापासून गच्चीवर घालू लागले. जावई बँकेत नोकरीला. पहाटेचे पाणी त्याने घेतले. त्या दिवसापासून भाची साडेसहापर्यंत झोपू लागली.

काम हातातून गेल्यावर भाची दिवसभर लोळत पडली, असे कुणाला वाटेल. तसे मुळीच झाले नाही. ती सकाळी गच्चीवर फेऱ्या मारी, भाजी निवडायला बसे, दुपारी डाव्या कुशीवर झोपे. खरा फरक पडला तो वेगळाच. तिला स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. बाळाची हालचाल कधी होते, किती होते, हे तिला कळू लागले. शेवटच्या आठवड्यांत हेच तर महत्त्वाचे असते. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज चढणे, पाणी जाणे, रक्त दिसणे, बाळाची हालचाल मंदावणे, यातले काहीही दिसले तर थांबायचे नसते, दवाखाना गाठायचा असतो. डॉक्टर हे सगळे सांगतात. पण जी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत पायावर उभी आहे, तिला बाळ दुपारपासून हलले नाही हे समजणार केव्हा? डोके दुखले तर ती म्हणणार, ऊन लागले असेल, जागरण झाले असेल. अडतिसाव्या आठवड्यात एका सकाळी भाचीने आपणहून सांगितले की डोकेदुखी कालपासून राहिलेली नाही. तपासले तर रक्तदाब चढलेला. त्याच दिवशी तिला दाखल केले आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी तेव्हा परत कामावर रुजू झाले होते, ताईने फोनवर सांगितले.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती भाची नव्हे, त्या घरी धुण्या-भांड्यांना येणारी बाई. तिलाही आठवा सरत आलेला. दिवस रोवणीचे. आपण लावणी म्हणतो, तिकडे रोवणी. सकाळी ती चिखलात वाकून पऱ्हे रोवायला जायची, दुपारनंतर चार घरची भांडी करायची. डब्यात पेज असे. पेज हा शब्द ऐकून मी चमकलेच! या भागात गोंड-बैगांच्या घरी कोदो-कुटकीची नाहीतर मक्याची पेज रोजची. आपली उकड्या तांदळाची, एवढाच फरक. शब्द मात्र तोच. मी तिला सहज विचारले, माहेरी कधी जाणार? ती हसली. “पयलं माहेरी झालं जी. दुसऱ्याले कोन नेते?”

वाचकहो, हे वाक्य मला फार लागले. कारण ते बालाघाटपुरते नाही. आपल्या गोव्यातही तीच रीत. पहिले बाळंतपण माहेरी, पुढची सासरी. हिंदूंत तशी आणि ख्रिस्ती बांधवांतही तशीच. म्हणजे ज्या माहेराचे आपण एवढे गोडवे गातो, ते बाईला मिळते एकदाच. आणि गंमत पाहा, दुसऱ्या खेपेला तिच्या कडेवर एक मूल असते, वय वाढलेले असते, अंगातले रक्तही पुष्कळदा कमी झालेले असते. म्हणजे गरज जास्त, आणि नेमकी तेव्हाच रीत संपते! जिची आई हयात नाही, जिचे माहेर गरीब आहे, जिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले आहे, तिला तर पहिल्या वेळीही काही नाही.

‘आमच्या आज्या नाही का शेतात बाळंत झाल्या? काम केलं की बाळंतपण सोपं जातं,’ असे यावर ठरलेले उत्तर येते. यातला अर्धा भाग बरोबर आहे. चालणे-फिरणे, हलके काम करणे चांगलेच. पण गच्चीवरच्या फेऱ्या वेगळ्या आणि दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणे वेगळे. एकात बाई थकली की बसू शकते, दुसऱ्यात बसली की मजुरी बुडते. आणि आज्यांचे म्हणाल, तर ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. ज्या गेल्या त्यांची फक्त घरातल्या सवतीच्या पोरांच्या गोष्टींत आठवण राहिली. आकडेही पाहा. २०१८-२० च्या नमुना नोंदणीच्या आकड्यांप्रमाणे दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३. गोंदियाहून बालाघाट रेल्वेने तासाभराच्या आसपास, आणि दोन राज्यांच्या आकड्यांत पाचपट अंतर! याची कारणे पुष्कळ. रस्ते, दवाखाने, रक्ताची सोय, पंडुरोग. सगळे खापर कामावर फोडता येणार नाही. पण दवाखान्यात वेळेवर निघायचे की नाही, हे ठरते घरातच आणि ते ठरते याच आठवड्यांत.

सरकारला हे कळत नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१०-११ च्या सुमारास गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत एक योजना सुरू झाली. दूरच्या पाड्यावरच्या गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या खोलीत येऊन राहायचे. योजनेला नाव काय दिले, तर ‘माहेरघर’! नाव ठेवणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करते. अशी घरे जगात इतरत्रही आहेत. क्यूबाने तर १९६२ पासून चालवली आहेत. बालाघाटलाही आशाताई घरोघर जाऊन दवाखान्यातच बाळंतपण करा, वेळेवर निघा, म्हणून सांगतात. त्या भांडीवालीच्या घरीही गेल्या होत्या. तिचे उत्तर होते, “मी आधी जाऊन रायली तं पोराले कोन पाहीन? बकऱ्या कोन चारीन?” आता या प्रश्नाला खोली आणि खाट हे उत्तर नाही. माहेरघर बांधता येते, पण बाईच्या मागे तिच्या घरचे काम कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय ती तिथे जाणार कशी?

आता माझ्या टेबलावरच्या गोष्टीकडे येते. प्रसूती रजेचे अर्ज मी वर्षानुवर्षे हाताळते आहे. केंद्राच्या रजा नियमांत, जे आम्हा गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, पूर्वी ही रजा १३५ दिवसांची होती. १ सप्टेंबर २००८ पासून ती १८० दिवसांची झाली. खाजगी क्षेत्रासाठी १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ झाले आणि त्यातले ८ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, अशी सोय झाली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आले. पण आधी रजा घेते कोण? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली तारखेच्या दोन-चार दिवस आधीपर्यंत फाईली काढत असतात. कारण सरळ आहे. आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या बाळाच्या वाट्यातून वजा होतो. आईने स्वतःचा आराम आणि बाळाजवळचे दिवस यांत निवड करायची म्हटल्यावर ती काय निवडणार, हे सांगायला नको.

पैशांच्या योजनांचेही तसेच. पंतप्रधान मातृवंदना योजनेत २०१७ पासून पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आहेत. २०२२ पासून दुसऱ्या खेपेलाही ६००० झाले, पण मुलगी झाली तरच. असंघटित कामगार बायांसाठी मध्य प्रदेशाने २०१८ मध्ये १६००० रुपयांची योजना आणली, त्यातलाही मोठा भाग बाळंतपणानंतरचा. जन्म झाल्यावर सगळे धावतात. जन्माआधीच्या महिन्याला कुणी वाली नाही.

आणि हे काही नवे शहाणपण नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलेला मुद्दा असाच होता. बाळंतपणानंतरच नव्हे, आधीच्या काळातही आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा. १९२९ मध्ये तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षे होत आली. नंतरची विश्रांती आपण निदान कागदावर तरी मान्य केली. आधीची अजून घराघरातल्या आईवर सोपवलेली आहे.

आता पुरुषांसाठी एक माहिती देते, कारण कचेरीत विचारले तर निम्म्यांना ती ठाऊक नसते. रजा नियम ४३-अ प्रमाणे दोनपेक्षा कमी मुले असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते. आधी घेतलेला अर्ज मी क्वचितच पाहिला आहे. बहुतेक अर्ज बारशाच्या आसपासचे. बारशाला घरात वीस माणसे असतात हो! पहाटे साडेपाचची बादली उचलायला मात्र कुणी नसते, तेव्हा ही रजा कामाची. नंतरचे दिवसही महत्त्वाचे, मी नाकारत नाही. पण पंधरातले निदान पाच-सहा दिवस आधी घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या गोव्यात तर हा प्रश्न जास्तच आहे. कितीतरी घरांतला कर्ता पुरुष जहाजावर किंवा आखातात. मुली पुण्या-बंगळुरात नोकरीला, आया इथे नोकरीला. साठीतली आई स्वतःच गुडघ्यांनी त्रस्त. एकत्र घरे मोडली म्हणून मी रडत बसणार नाही. त्या घरांत सुनेला एकोणीस नव्हे, तीस कामे असत, हेही मला ठाऊक आहे. पण माहेर आपोआप मिळेल असे समजून बसण्याचे दिवस आता गेले. ते ठरवून उभे करावे लागणार.

म्हणून माझी एक सूचना आहे. ओटीभरण आपण थाटात करतो. नारळ, खण, तांदूळ, फुले, आता तर फोटोवालाही असतो. त्याच दिवशी, पंगत उठल्यावर, घरातल्यांनी दहा मिनिटे बसावे आणि कागदावर कामे मांडावीत. नवव्या महिन्यापासून कोणते काम कोण घेणार, नावासकट. पाणी कुणाचे, रात्रीची भांडी कुणाची, मोठ्या मुलाला शाळेत कोण सोडणार, रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार, रक्त लागले तर कोण देणार. पहिल्या खेपेला करावे आणि दुसऱ्या खेपेला तर चुकवूच नये. आणि घरी कामाला येणारी बाई गरोदर असेल तर त्या कागदावर तिच्या पगारी सुट्टीची एक ओळ असावी. भाचीच्या घरच्यांनी त्या भांडीवालीला नववा लागताच पगारी सुट्टी दिली. उरलेल्या तीन घरांनी दिली नाही. त्यामुळे तिला पुरा आराम मिळाला नाही, पण एका घरची भांडी तरी कमी झाली.

कागद स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर येईल असा चिकटवावा. आणि पहिली सही नवऱ्याने करावी.